पदवीनंतरचे विद्यापीठ

(शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



विद्यार्थी महाविद्यालयात प्रवेश घेतो तेव्हा त्याच्या नावाची नोंद अनेक वह्यांत होते. जनरल रजिस्टर, फीची पावती, हजेरीपट, ग्रंथालयाचे कार्ड, परीक्षेचा अर्ज अशी ही मालिका असते. तो पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा या वह्यांतून त्याचे नाव एकामागून एक कमी होत जाते. ग्रंथालय ‘येणे बाकी नाही’ असा शेरा देते, अनामत परत मिळते, दाखल्यावर सही-शिक्का होतो. त्यानंतर तो विद्यापीठाचा कोण, या प्रश्नाला व्यवहारात बहुधा ‘कोणी नाही’ असेच उत्तर मिळते. कायद्याचे उत्तर निराळे आहे. महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासाने दिलेले उत्तर तर त्याहूनही निराळे आहे, आणि प्रथम त्याचाच परामर्श घेणे उचित ठरेल.

पहिले चार पदवीधर

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. मॅट्रिकची पहिली परीक्षा १८५९ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये बी.ए.ची पदवी मिळविणारे पहिले चार विद्यार्थी बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे ते चौघे होत. या चौघांच्या पुढील आयुष्याकडे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. पदवीबरोबर त्यांचा शिक्षणसंस्थांशी असलेला संबंध संपला नाही. मोडक हे एल्फिन्स्टन हायस्कूलचे पहिले भारतीय मुख्याध्यापक झाले. भांडारकर प्राध्यापक झाले आणि पुढे १८९३ ते १८९५ या काळात त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या आधी, १८९२ मध्ये, काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या रूपाने विद्यापीठाला पहिले भारतीय कुलगुरू लाभले होते, आणि तेही याच विद्यापीठाचे पदवीधर होते. म्हणजे, स्थापनेनंतर अवघ्या पस्तीस वर्षांत विद्यापीठाची धुरा त्याच्याच माजी विद्यार्थ्यांच्या हाती आली.

रानड्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. विद्यार्थिदशेत त्यांनी मराठेशाही व इंग्रजी राज्य यांची तुलना करणारा निबंध लिहिला. तो प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना रुचला नाही व रानड्यांची शिष्यवृत्ती काही काळ रोखली गेली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. अशा अनुभवानंतर एखाद्याने विद्यापीठाकडे पाठ फिरविली असती तर त्याला दोष देता आला नसता. रानडे मात्र विद्यापीठाचे फेलो झाले, आणि ज्या विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून देशी भाषांना बाहेर ठेवले गेले होते, त्याच विद्यापीठाच्या सभागृहात मराठीला पुन्हा स्थान मिळावे म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे प्रयत्न केले. १९०१ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. तोवर एम.ए.च्या अभ्यासक्रमात देशी भाषांचा प्रवेश होण्याचा मार्ग त्यांच्या खटपटीने मोकळा झाला होता. आज मराठी विषय घेऊन एम.ए. होणाऱ्या विद्यार्थ्याला हे ऋण ठाऊक असतेच असे नाही. माजी विद्यार्थ्याने विद्यापीठाची केवळ स्तुती करावी अशी अपेक्षा ज्यांना वाटते, त्यांनी रानड्यांचे हे चरित्र अवश्य पाहावे.

डेक्कन कॉलेजची कथा

तथापि माजी विद्यार्थ्यांच्या सामर्थ्याचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्याचे आहे. ते सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण त्यात एक संपूर्ण संस्थाच पणाला लागली होती.

माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. विद्वानांना दक्षिणा देण्याची जी प्रथा दाभाड्यांनी सुरू केली व पेशव्यांनी चालविली, त्या दक्षिणेच्या निधीतून या पाठशाळेचा खर्च चाले. १८५१ मध्ये ती पूना कॉलेज झाली आणि १८६४ मध्ये तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नावाने मिळालेल्या मोठ्या देणगीच्या साहाय्याने येरवड्याच्या बाजूस नदीपलीकडे दगडी इमारत उभी राहिली व १८६८ मध्ये महाविद्यालय तेथे गेले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ गणेश आगरकर, इतिहासाचार्य राजवाडे, नरसिंह चिंतामण केळकर, सेनापती बापट हे सर्व या महाविद्यालयाचे विद्यार्थी. सरकारी नोकरीची वाट न धरता शिक्षणाच्या कार्याला आयुष्य द्यावयाचे, हा टिळक-आगरकरांचा निश्चय याच परिसरात झाला. त्यातून १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय या संस्था उभ्या राहिल्या. सरकारने चालविलेल्या महाविद्यालयातून सरकारवर अवलंबून नसलेल्या शिक्षणाची चळवळ जन्माला आली, हा योग नोंद घेण्याजोगा आहे.

पुढे याच खाजगी महाविद्यालयांची भरभराट झाली. आर्थिक ओढगस्तीच्या काळात सरकारला पुण्यात स्वतःचे कला महाविद्यालय चालविणे खर्चाचे वाटू लागले आणि १९३४ मध्ये डेक्कन कॉलेज बंद करण्यात आले. वर्ग थांबले, वसतिगृह रिकामे झाले. शंभरांहून अधिक वर्षांची परंपरा एका प्रशासकीय निर्णयाने खंडित झाली. अशा प्रसंगी शोकसभा भरतात, वृत्तपत्रांत पत्रे येतात आणि काही काळाने विषय मागे पडतो.

येथे तसे घडले नाही. माजी विद्यार्थी संघटित झाले व त्यांनी न्यायालयाची पायरी चढली. वास्तू व परिसर देणगीच्या आधाराने उभा राहिला आहे, देणगी शिक्षणाच्या हेतूने दिली गेली आहे आणि म्हणून ती मालमत्ता त्या हेतूपासून अलग करता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. यात भावनेचा भाग नव्हता असे नाही, पण लढा भावनेच्या बळावर लढला गेला नाही. तो देणगीचा हेतू, तिच्याबरोबर आलेले बंधन आणि सरकारचे उत्तरदायित्व या मुद्द्यांवर लढला गेला. जुनी कागदपत्रे शोधून त्यांचा अर्थ लावणारी माणसे संघटनेत होती, हे तिचे खरे बळ होते.

दरम्यान १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेजचे दरवाजे पुन्हा उघडले. मात्र ते पूर्वीचे महाविद्यालय राहिले नव्हते. आता ती पदव्युत्तर शिक्षण व संशोधन संस्था झाली होती. माजी विद्यार्थ्यांच्या प्रेमाला बहुधा आपल्या वेळचे जसेच्या तसे हवे असते: तेच वर्ग, तीच खानावळ, क्रिकेटची तीच खेळपट्टी. पुण्यात बी.ए.चे शिक्षण देणारी महाविद्यालये आता होती. डेक्कन कॉलेज उघडले ते या नव्या रूपात, आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या लढ्याचे फळ त्यांच्या आठवणीतल्या कॉलेजपेक्षा निराळे निघाले. संस्थेच्या दृष्टीने ते अधिक हिताचे ठरले.

या नव्या संस्थेत १९३९ मध्ये जे अध्यापक आले त्यांची नावेच पुरेशी आहेत. भाषाशास्त्रात सु. मं. कत्रे, पुरातत्त्वात ह. धी. सांकळिया, समाजशास्त्रात इरावती कर्वे आणि मराठ्यांच्या इतिहासात त्र्यं. शं. शेजवलकर. पुढे १९४८ मध्ये संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचा प्रकल्प येथे सुरू झाला. येथील उत्खनकांनी संगमनेर तालुक्यातील जोर्वे, प्रवरेकाठचे नेवासे आणि घोड नदीच्या काठचे शिरूर तालुक्यातील इनामगाव ही गावे जगाच्या पुरातत्त्वशास्त्रात नेऊन बसविली. आज ‘जोर्वे संस्कृती’ हा शब्द अभ्यासक सहजपणे वापरतात. महाराष्ट्रातील पहिल्या शेतकऱ्यांनी कोणते धान्य पेरले, घरे कशी बांधली, मृतांना कोठे पुरले, याचे ज्ञान आज उपलब्ध आहे ते मुख्यतः या संस्थेच्या कार्यामुळे. १९९० मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९३४ नंतर माजी विद्यार्थी स्वस्थ बसले असते तर यातले किती घडले असते, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

श्रमाची परतफेड

सर्वच संस्थांचे माजी विद्यार्थी बॅरिस्टर आणि संपादक नसतात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे आलेली मुले अशा घरांतली होती की त्यांच्याकडून देणगीची अपेक्षा करणे हास्यास्पद ठरले असते. या मुलांनी संस्थेला दिले ते स्वतःचे आयुष्य. शिकलेला मुलगा शिक्षक होऊन संस्थेच्याच दुसऱ्या शाळेत जाई, आणि त्याने शिकविलेली मुले तिसऱ्या गावी जात. रयतेच्या शाखांचा विस्तार झाला त्यामागे हा क्रम आहे. भाऊरावांचे विद्यार्थी बॅरिस्टर पी. जी. पाटील इंग्लंडहून कायद्याची पदवी घेऊन आले, ते वकिलीसाठी मुंबईला न जाता संस्थेच्या कामाला लागले. पुढे १९७५ मध्ये ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वसतिगृहातील मुलगा कुलगुरुपदापर्यंत पोहोचला याचे कौतुक सर्वांना आहे. तो मधल्या काळात संस्थेतच राहिला, याचे कौतुक त्याहून अधिक व्हावयास हवे.

कायद्याने दिलेले स्थान

आता कायद्याकडे वळावे. पदवीधरांनी विद्यापीठाच्या सभागृहात आपले प्रतिनिधी निवडून पाठविण्याची तरतूद १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्यापासून आहे. सध्या अमलात असलेला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडलेले १० सदस्य असतात. त्यांपैकी ५ जागा राखीव आहेत: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक. विद्यापीठाचा वार्षिक अहवाल, लेखे, विस्ताराचा आराखडा या सर्वांची चर्चा या सभागृहात होते. आपल्या तालुक्यात विज्ञान शाखा का नाही, निकाल उशिरा का लागतात, हे विचारण्याची ही अधिकृत जागा आहे. याशिवाय महाविद्यालय विकास समितीवर जे स्थानिक सदस्य घेतले जातात त्यांत किमान एक माजी विद्यार्थी असावा, असेही याच अधिनियमात म्हटले आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पदवी मिळाली म्हणजे नाव आपोआप नोंदणीकृत पदवीधरांच्या यादीत जाते, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो. दुसरा गैरसमज विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाविषयी आहे. ७८ सदस्यांच्या महाराष्ट्र विधान परिषदेत ७ सदस्य पदवीधरांनी निवडलेले असतात. त्या मतदारयादीचे काम निवडणूक यंत्रणेकडे असते, आणि किमान तीन वर्षांपूर्वी पदवी मिळविलेला रहिवासी तीत नाव नोंदवू शकतो. ही यादी आणि विद्यापीठाची यादी या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत नाव आहे म्हणून दुसरीत असेल असे समजून अनेक शिक्षकसुद्धा मतदानाच्या दिवशी निराश होऊन परततात.

विद्यापीठाच्या यादीसंबंधी एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. पदवीधरांची नोंदणी निवडणूक जवळ आली की वाढते, आणि ती बहुतांशी इच्छुक उमेदवारांचे कार्यकर्ते गोळा करतात त्या अर्जांमुळे वाढते. स्वतः होऊन अर्ज करणारा पदवीधर विरळा. परिणामी विद्यापीठाच्या सभागृहातील पदवीधरांचा आवाज हा सर्व पदवीधरांचा राहत नाही, तो संघटित गटांचा होतो. यात गटांचा दोष काढण्यात अर्थ नाही. रिकामी जागा कोणी तरी भरणारच.

हरवलेली नावे

माजी विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवावयाचा म्हटले तर पहिली अडचण पत्त्याची येते. तीत दोन गोष्टींनी भर घातली आहे.

पहिली विद्यापीठांच्या विभाजनाची. अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. जळगावचे विद्यापीठ १९९० मध्ये पुण्यातून, नांदेडचे १९९४ मध्ये मराठवाडा विद्यापीठातून, सोलापूरचे २००४ मध्ये शिवाजी विद्यापीठातून आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपुरातून निघाले. ग्रामीण विद्यार्थ्यांना विद्यापीठ जवळ यावे म्हणून हे आवश्यकच होते. पण जळगावच्या महाविद्यालयात १९८५ साली बी.ए. झालेल्या गृहस्थाच्या प्रमाणपत्रावर पुणे विद्यापीठाची मुद्रा आहे. जुने विद्यापीठ त्याला दूर गेलेला मानते आणि नव्याने त्याला कधी पाहिलेलेच नाही. अशा माणसाचा कायम धागा असतो तो महाविद्यालयाचा. म्हणून माजी विद्यार्थ्यांची नोंद ठेवण्याचे काम विद्यापीठाच्या मुख्यालयापेक्षा महाविद्यालयात अधिक चांगले होऊ शकते.

दुसरी गोष्ट विद्यार्थिनींची. लग्नानंतर आडनाव बदलते, पुष्कळदा पहिले नावही बदलते. जनरल रजिस्टरातील मुलगी आणि आज दुसऱ्या जिल्ह्यात मुख्याध्यापिका असलेली बाई या एकच आहेत, हे कोणत्याही वहीवरून कळत नाही. महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाच्या सभेत स्त्रिया अत्यल्प दिसतात त्याचे एक कारण हे आहे. त्यांना निमंत्रण जातच नाही, आणि मग ‘बायका येत नाहीत’ असा निष्कर्ष इतिवृत्तात लिहिला जातो.

मेळावे आणि देणग्या

अलीकडे माजी विद्यार्थ्यांचे मेळावे गावोगाव होऊ लागले आहेत. मोबाईलवर जुने वर्गमित्र एकत्र येतात, दिवाळीच्या सुटीतला दिवस ठरतो, वृद्ध शिक्षकांना शाल-श्रीफळ दिले जाते, जुन्या बाकांवर बसून छायाचित्र काढले जाते. यात नावे ठेवण्याजोगे काही नाही. निवृत्त गुरुजींना तीस वर्षांनंतर कोणी नावाने आठवतो, हा आनंद लहान नव्हे. प्रश्न दुसऱ्या दिवशीचा आहे. मेळाव्याला कोण आले, कोठे असतात, काय करतात, याची यादी संस्थेच्या दप्तरात राहत नाही. ती कोणाच्या तरी मोबाईलमध्ये राहते आणि त्याच्याबरोबर जाते.

देणग्यांचेही तसेच. मुंबईच्या आय.आय.टी.ला नंदन निलेकणी यांनी २०२३ मध्ये ३१५ कोटी रुपये दिले. आपल्या प्रवेशाला पन्नास वर्षे झाली, हे त्याचे निमित्त होते. ही वार्ता सर्वत्र गाजली. तालुक्याच्या महाविद्यालयाने ती वाचून निराश होण्याचे कारण नाही, पण एक गोष्ट मात्र तीतून घ्यावी. मोठ्या संस्था आपली गरज काय आहे हे आधी ठरवून मांडतात. लहान संस्था तसे सांगत नाहीत, म्हणून दात्याला सुचेल ते मिळते. भिंतीवरचे घड्याळ, कपाट, व्यासपीठ या वस्तूंवर देणगीदाराचे नाव ठळक लिहिता येते. मुलींच्या स्वच्छतागृहातील पाण्याची टाकी, वसतिगृहातील दोन मुलांचे जेवण किंवा स्पर्धा परीक्षेची पुस्तके यांवर नाव लिहावयास जागा नसते. गरजांची यादी प्राचार्यांनी स्वतः फलकावर लावली तर दात्यांनाही संकोच होत नाही.

पैशाखेरीज जे देता येते ते पुष्कळदा मागितलेच जात नाही. कृषी अधिकारी झालेला विद्यार्थी वर्षातून दोन तास देऊ शकतो. न्यायालयात लिपिक असलेली विद्यार्थिनी नोकरीचा अर्ज कसा भरावा हे सांगू शकते. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचले आहे, त्या घरातील मुलाला अशा माहितीचे मोल शिष्यवृत्तीइतके असते.

वार्षिक नियतकालिकाचाही उपयोग व्हावा. त्यात प्राचार्यांचे मनोगत, संचालकांची छायाचित्रे, निकालांचे तक्ते असतात. माजी विद्यार्थ्यांच्या वार्तेला बहुधा जागा नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९३० मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनंतर, त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्राने त्यांचे मनोगत छापले, आणि त्यात त्यांनी आपल्या वर्गमित्रांचा व जॉन ड्यूई, सेलिग्मन आदी प्राध्यापकांचा मोठ्या जिव्हाळ्याने उल्लेख केला. त्याच विद्यापीठाने १९५२ मध्ये त्यांना सन्माननीय पदवी दिली. समुद्रापलीकडच्या संस्थेने आपल्या विद्यार्थ्याचा माग ठेवला होता. तालुक्याच्या महाविद्यालयाला पंधरा कोसांवरचा माग ठेवणे जड जाऊ नये.

पंचायतींचा वाटा

पंचायत सदस्यांचा येथे काय संबंध, असे कोणाच्या मनात येईल. महाविद्यालयाकडे नाव असते, पत्ता नसतो. गावाकडे पत्ता असतो, पण कोण कोठे शिकले याची नोंद नसते. पुण्या-मुंबईला, सुरतेला किंवा परदेशी गेलेला पदवीधर गणपतीला, यात्रेला, भावकीतल्या लग्नाला येतोच. ग्रामपंचायतीने गावातील पदवीधरांची एक साधी वही ठेवली, तर ती तालुक्याच्या महाविद्यालयाला आणि गावच्या जिल्हा परिषद शाळेलाही उपयोगी पडेल. यासाठी निधी लागत नाही. अंगणवाडी सेविका, तलाठी, शिक्षक यांना घराघरांची माहिती असतेच. वहीत नाव, महाविद्यालय, पदवीचे वर्ष, सध्याचा व्यवसाय आणि संपर्क एवढे रकाने पुरेत. मात्र संपर्काची माहिती ज्याची त्याला विचारूनच लिहावी व ती वही कोणत्याही निवडणुकीच्या कामासाठी बाहेर देऊ नये. आणि स्त्रियांच्या बाबतीत एक रकाना वाढवावा: सासरी गेलेल्या मुलींचे माहेरचे पूर्ण नाव, जे महाविद्यालयाच्या रजिस्टरात आहे, ते आधी लिहावे आणि आजचे नाव त्यापुढे.